खुर्चीवर फाशी?

माझी भाची अनुवाद शिकते. सरावासाठी तिनं ‘द ग्रीन माईल’ (१९९९) या सिनेमाची मराठी उपशीर्षकं करायला घेतलीत. सिनेमा अमेरिकेतल्या तुरुंगातला, मृत्युदंड झालेल्या जॉन कॉफी नावाच्या कैद्याचा. चांगला तीन तास नऊ मिनिटांचा, म्हणजे सराव भरपूर. परवा तिचा प्रश्न आला: “मामा, ‘जॉनला विजेच्या खुर्चीवर फाशी दिली’ असं लिहिलं तर चालेल का?”

ऐकताना कानाला खटकत नाही, हीच गंमत आहे. फाशीत मुळात फास आहे, दोर आहे. संस्कृत ‘पाश’ या शब्दाच्या घरातला हा शब्द. फासेपारध्यांचे फासेही त्याच घरातले. दोर नसेल तर फाशी कसली? पण आपल्याकडे सर्वसाधारण फौजदारी कायद्यानं मृत्युदंड म्हणजे गळ्यात दोर घालून मरेपर्यंत लटकवणं. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ३५४व्या कलमात तसंच होतं, आताच्या नव्या संहितेतही तेच आहे. पद्धत एकच उरल्यामुळे पद्धतीचं नावच शिक्षेचं नाव होऊन बसलं. म्हणून ‘फाशी रद्द, जन्मठेप कायम’ असा मथळा वाचताना दोर डोळ्यांसमोर येत नाही. सोलापुरात तेलुगू बोलणारा शेजारी ‘उरिशिक्ष’ म्हणतो, त्यातला ‘उरि’ म्हणजेही फासच.

पूर्वी पद्धती अनेक, तसे प्रयोगही अनेक होते: सुळावर चढवणं, हत्तीच्या पायी देणं, तोफेच्या तोंडी देणं, कडेलोट करणं. खुर्चीला मात्र मराठीत असा घरचा प्रयोग नाही, कारण ती वस्तू इथं आलीच नाही (बरं झालं). तेव्हा अधिकाऱ्याच्या तोंडी ‘मृत्युदंड’ घाल, पहारेकरी आपसात बोलताना ‘खुर्चीत बसवला’ म्हणू देत. पहिल्या मृत्युदंडाच्या प्रसंगात खुर्ची दिसतेच, पुढं प्रेक्षक समजून घेतो.

एक तिरकस गोष्ट सांगतो. सिनेमाची कथा १९३५च्या लुइझियानातली, आणि खऱ्या लुइझियानात तेव्हा दोरच होता. विजेची खुर्ची तिथं आली १९४०च्या दशकात. म्हणजे इतिहासाच्या हिशेबानं भाचीची ‘फाशी’ बरोबर, चुकली ती पडद्यावरची खुर्ची! पण उपशीर्षक पडद्याला बांधलेलं असतं.

मला जास्त बोलायचंय ते क्रियापदाबद्दल. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात आमच्या सोलापूरच्या चार स्वातंत्र्यसैनिकांना, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी झाली. त्यांच्या पुतळ्यांच्या चौकातून रोज जाणारे आम्ही लोक. आमची आजी कधी ‘फाशी दिली’ म्हणायची नाही. ‘चौघं फाशी गेले’ म्हणायची. ‘दिली’ म्हटलं की वाक्य सरकारचं होतं. ‘गेले’ म्हटलं की त्या चौघांचं. तोच फरक जॉन कॉफीला लागू आहे. तो निर्दोष आहे हे पहारेकऱ्याला कळलंय, सोडून देऊ का, असं तो विचारतोही. जॉनच नको म्हणतो, दमलोय म्हणतो, आणि आपल्या पायांनी हिरव्या फरशीवरून चालत जातो. तिथं ‘दिली’ नको, ‘नेला’ही नको. ‘जॉन गेला’ एवढंच ठेव.

आणि एक, न विचारलेलं. जॉन दुसऱ्याचा आजार स्वतःत ओढून घेतो आणि मग तोंडावाटे काळ्या चिलटांसारखा बाहेर सोडतो, त्या जागी तू लिहिलंयस ‘त्यानं साहेबांचं दुखणं अंगावर काढलं’. अगं, अंगावर काढणं म्हणजे डॉक्टरकडे न जाता रेटत राहणं. तुझा मामा गुडघ्याचं काढतो तसं. तिथं ‘अंगावर घेतलं’ कर.