वाचक विचारतात : कॅव्हर्नच्या आधी बीटल्स कुठे वाजवायचे?

मागच्या अंकात इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या कॅव्हर्न क्लबचा, म्हणजे बीटल्स हा रॉक ग्रुप जिथून गाजला त्या जागेचा, जुना फोटो छापला होता, त्यावर भरपूर पत्रं आणि मेल आले. बरेचसे प्रश्न सारखेच होते, म्हणून त्यातले पाच निवडलेत.

प्रश्न (नाशिक) : बीटल्सची सुरुवात कॅव्हर्नमध्येच झाली ना? मी तरी सगळीकडे तेच वाचलंय.

उत्तर : नाही, कॅव्हर्न बरंच नंतर आलं, आणि खरं सांगायचं तर कॅव्हर्नच्या नावाखाली एक दुसरी जागा पार झाकली गेलीय, तिच्याबद्दल मला कधीपासून लिहायचं होतं, बरं झालं तुम्ही विचारलंत.

अगदी आधीपासून सांगतो. 1957 साली जॉन लेनन शाळेत होता आणि त्याचा क्वारीमेन नावाचा ग्रुप होता, त्याचेच पुढे बीटल्स झाले. गिटार, बँजो, कपडे धुवायचा खरखरीत पत्रा तालासाठी, आणि चहाच्या रिकाम्या खोक्याला काठी आणि दोरी लावून केलेला बेस, एवढ्यावर सगळं चालायचं, कारण पैसेच नव्हते. 6 जुलै 1957 ला वूल्टन भागातल्या सेंट पीटर्स चर्चच्या जत्रेत ही पोरं दुपारी लॉरीवर बसून मिरवणुकीत वाजवत गेली, मग मैदानात वाजवलं, आणि संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या चर्चच्या हॉलमध्ये त्यांचा कार्यक्रम होता. त्या हॉलमध्येच एका कॉमन मित्राने पॉल मॅकार्टनीची जॉनशी ओळख करून दिली. जॉन 16 चा, पॉल 15 चा. पॉलने गिटार घेतली आणि एक अख्खं गाणं सगळ्या शब्दांसकट म्हणून दाखवलं, जॉनला तर स्वतःच्या गाण्यांचे शब्दही धड पाठ नसायचे, त्यामुळे तो गार पडला. थोड्याच दिवसांत पॉल ग्रुपमध्ये.

आता ती झाकली गेलेली जागा. वेस्ट डर्बी भागात 8, हेमन्स ग्रीन हा पत्ता. मोना बेस्ट नावाच्या बाईंचं पंधरा खोल्यांचं जुनं प्रशस्त घर. घरचे लोक सांगतात की 1954 च्या डर्बी या घोड्यांच्या शर्यतीत मोनाबाईंनी दागिने गहाण ठेवून 'नेव्हर से डाय' या घोड्यावर पैसे लावले, भाव होता 33 ला 1, जॉकी 18 वर्षांचा लेस्टर पिगट, आणि घोडा आला पहिला! त्या पैशांतून पुढे हे घर झालं. नंतर त्यांनी टीव्हीवर लंडनच्या सोहो भागातल्या एका कॉफी बारबद्दल पाहिलं, तिथे पोरं जमतात, गाणी होतात, आणि मनात आलं की आपलं तळघर रिकामंच पडलंय तर आपल्याही पोरांसाठी असं काहीतरी करू. तिथून कॅसबा कॉफी क्लब.

उद्घाटनाला जो ग्रुप ठरला होता त्याच्यात भांडण झालं आणि तो फुटला. त्यातला एक गिटारवाला होता जॉर्ज हॅरिसन, तो म्हणाला माझे दोन मित्र आहेत त्यांना आणतो. ते दोघे म्हणजे जॉन आणि पॉल. मोनाबाईंनी तिघांच्या आणि केन ब्राउन या चौथ्याच्या हातात आधी ब्रश दिले, म्हणाल्या भिंती रंगवायच्या राहिल्यात, हातभार लावा. पॉलने एका खोलीच्या छतावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे काढले, ते आजही आहेत. जॉनला लांबचं दिसायचं नाही, त्याने साध्या रंगाऐवजी ऑइलपेंटसारखा चकचकीत रंग उचलला आणि तो वाळता वाळेना असा किस्सा सांगतात. 29 ऑगस्ट 1959 ला क्लब उघडला, सुमारे 300 पोरंपोरी आली. वर्षाची मेंबरशिप अडीच शिलिंग, दारू अजिबात नाही, कॉफी आणि कोल्ड्रिंक. ग्रुपकडे ड्रमर नव्हता, कोणी विचारलं तर हे सांगायचे की ताल आमच्या गिटारमध्येच आहे. चौघांना मिळून रात्रीचे 3 पौंड, म्हणजे प्रत्येकी 15 शिलिंग.

या 15 शिलिंगवरूनच पुढे ऑक्टोबरमध्ये बिनसलं. एका शनिवारी केन ब्राउन आजारी होता, वाजवू शकला नाही, तरी मोनाबाईंनी त्याचे पैसे त्याला दिले. बाकी तिघं चिडले, म्हणाले वाजवलं आम्ही, पैसे त्याला कशाला, आणि नाराज होऊन निघून गेले. पण वर्षभराने जर्मनीतल्या हॅम्बुर्गहून हात हलवत परत आले तेव्हा, डिसेंबर 1960 मध्ये, पहिला कार्यक्रम त्यांना पुन्हा कॅसबानेच दिला. मला यातच त्या बाईंचं मोठेपण दिसतं. लोक मॅनेजर ब्रायन एपस्टाइनचं नाव घेतात, स्टुडिओत त्यांची रेकॉर्ड करून घेणारा जॉर्ज मार्टिन होता त्याचं घेतात, ते घ्यायलाच हवं, पण ज्या वेळी या पोरांना कुत्रं विचारत नव्हतं त्या वेळी स्वतःच्या घराचं तळघर उघडून देणारी एक गृहिणी होती, तिचं नाव पहिल्या ओळीत यायला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्रश्न (ठाणे) : बीटल्सचा जुना ड्रमर पीट बेस्ट मद्रासला जन्मला होता हे खरं का? आणि आपल्या मुंबईशी त्यांचा काही संबंध?

उत्तर : खरं आहे. पीटचा जन्म 24 नोव्हेंबर 1941, मद्रास. आणि पीट हा वर सांगितलेल्या मोनाबाईंचाच मुलगा, त्यांचा स्वतःचा जन्मही दिल्लीचा. महायुद्ध संपल्यावर 1945 मध्ये हे कुटुंब मुंबईहून जॉर्जिक नावाच्या बोटीने निघालं, बोटीवर आग्नेय आशियात लढलेले सैनिक भरलेले, साधारण चार आठवड्यांचा प्रवास करून ऐन नाताळाच्या दिवशी बोट लिव्हरपूलला लागली. म्हणजे चार वर्षांचा पीट आपल्या मुंबईच्या बंदरातून तिकडे गेला आणि पंधरा वर्षांनी ग्रुप हॅम्बुर्गला निघाला तेव्हा त्यांना ऐनवेळी ड्रमर लागत होता, तो मोनाबाईंच्या घरातच मिळाला.

मुंबईचा दुसरा धागा पुष्कळ नंतरचा. जानेवारी 1968 मध्ये जॉर्ज हॅरिसन मुंबईला एचएमव्हीच्या स्टुडिओत आपल्याकडच्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करत होता. बीटल्सच्या 'द इनर लाइट' गाण्यातली सगळी वाद्यं तिथे वाजलीयत, बासरी हरिप्रसाद चौरसियांची.

प्रश्न (पुणे, कॉलेजमधला बँड) : हॅम्बुर्गमध्ये ते रोज आठ-आठ तास वाजवायचे असं एका व्हिडिओत ऐकलं. इतकं कोण वाजवू शकतं?

उत्तर : आठ जरा वाढवून सांगितलंय, पण फार नाही. 17 ऑगस्ट 1960 ला त्यांनी हॅम्बुर्गच्या ग्रोसे फ्रायहाइट गल्लीतल्या इंद्रा क्लबमध्ये सुरुवात केली. करारात होतं की साध्या दिवशी साडेचार तास आणि शनिवार-रविवारी सहा तास, मध्ये थोड्या थोड्या सुट्ट्या. दिवसाला माणशी 30 मार्क. इंद्रा त्याआधी कपडे उतरवून नाचणाऱ्या बायकांचा क्लब होता, जुनी गिऱ्हाइकं यायची आणि पाच इंग्लिश पोरांना बघून तोंड वाकडं करायची. मालक ब्रुनो कोशमायडर खालून ओरडायचा, "माख शाऊ!" म्हणजे नुसते उभे राहू नका, काहीतरी करून दाखवा. मग जॉन स्टेजवर लोळायचा, लंगडायचा, वाट्टेल ते करायचा. 48 रात्री झाल्यावर आवाजाच्या तक्रारी इतक्या वाढल्या की तिथलं वाजवणं बंद झालं आणि 4 ऑक्टोबरपासून त्यांना त्याच गल्लीत, त्याच मालकाच्या कायझरकेलरमध्ये हलवलं.

झोपायची सोय बांबी किनो नावाच्या छोट्या थिएटरमध्ये, पडद्यामागे, बायकांच्या टॉयलेटला लागून. अंघोळीला वेगळी जागा नाही, तिथल्याच बेसिनवर तोंड-हात धुवायचे, सकाळी पिक्चरच्या आवाजाने जाग यायची. कायझरकेलरमध्ये त्यांच्याबरोबर आलटून पालटून लिव्हरपूलचाच रोरी स्टॉर्मचा ग्रुप वाजवायचा आणि त्याचा ड्रमर होता रिंगो स्टार. तिथलं स्टेज म्हणजे खोक्यांवर टाकलेल्या कुजक्या फळ्या, दोन्ही ग्रुपनी पैज लावली की कोण आधी मोडतो, रोरीने उड्या मारून मोडलं आणि मालकाने त्याच्या पगारातून पैसे कापले.

तुमच्या बँडसाठी यातलं महत्त्वाचं असं की, रात्री पाच-सहा तास वाजवायचं म्हटलं की तुमची ठरलेली पंधरा-वीस गाणी एका तासात संपतात. मग काय करणार? यांनी मिळेल ते शिकून घेतलं, जुनी गाणी, नाटकातली, रॉक, एकच गाणं ताणून ताणून वाजवायचं, आणि प्रत्येकाला गायला लागायचं कारण एकट्याचा गळा टिकायचा नाही. नंतर त्यांच्या गाण्यांत दोघा-तिघांचे आवाज इतके सहज एकमेकांत मिसळतात त्यामागे ही मजुरी आहे. नुसती देणगी म्हणून सोडून द्यायचं मला पटत नाही.

शेवट मात्र वाईट झाला. 18 च्या आतल्यांनी रात्री 10 नंतर क्लबमध्ये थांबायचं नाही असा तिथला नियम, रोज दहाला स्टेजवरून घोषणा व्हायची, ओळखपत्रं तपासली जायची, आणि जॉर्ज 17 वर्षांचा पोरगा स्टेजवरच उभा! 21 नोव्हेंबरला त्याला परत पाठवलं. मग पॉल आणि पीटवर बांबी किनोत आग लावल्याचा आरोप, कोठडी, त्यांचीही रवानगी. मागे जॉन एकटाच गिटार घेऊन आला. बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ हॅम्बुर्गलाच राहिला.

आणि तरी पुढच्याच महिन्यात, 27 डिसेंबर 1960 ला, लिदरलँड टाऊन हॉलमध्ये 6 पौंडांवर त्यांना एक रात्र मिळाली. जाहिरातीत "थेट हॅम्बुर्गहून" लिहिलेलं, त्यामुळे पोरींना वाटलं जर्मन ग्रुप आहे, काहींनी तर तुमचं इंग्लिश किती छान म्हणून कौतुक केलं. पण पहिलं गाणं सुरू झालं आणि नाचणारे सगळे नाचायचे सोडून स्टेजकडे धावले. लिव्हरपूलने त्यांना खऱ्या अर्थाने त्या रात्री पाहिलं.

प्रश्न (सांगली) : मग कॅव्हर्नचं एवढं नाव का झालं? फोटोत तर साधी वीटकामाची बोळ दिसते.

उत्तर : कारण सगळं पुढे घडलं ते तिथून. मॅथ्यू स्ट्रीटवर फळांच्या वखारी होत्या, त्यातल्या एका वखारीचं तळघर, तीन कमानीच्या बोळी शेजारी शेजारी, मधल्या बोळीच्या टोकाला स्टेज. 16 जानेवारी 1957 ला जॅझसाठी सुरू झालेला क्लब. क्वारीमेन तिथे 1957 च्या ऑगस्टमध्ये एकदा वाजवून आले होते, पॉल नव्हता त्या दिवशी, आणि जॉनने एल्विसची गाणी लावून धरली तर मालकाने चिठ्ठी पाठवली की हे रॉक अँड रोल बंद करा. पुढे मालक बदलला, रे मॅकफॉल आला, त्याने दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कार्यक्रम सुरू केले, आणि डीजे बॉब वूलरच्या आग्रहावरून 9 फेब्रुवारी 1961 च्या दुपारी बीटल्स तिथे उभे राहिले. 5 पौंड.

ही दुपारची वेळ फार कामाची ठरली. आजूबाजूच्या ऑफिसात टायपिंग करणाऱ्या मुली, दुकानातली पोरं सुट्टीत धावत यायची, तिथेच सूप-ब्रेड खायची, गाणी ऐकून परत कामावर. आत हवा खेळायला जागा नाही, घाम, फिनाईल आणि वरच्या वखारीतल्या सडक्या फळांचा वास, भिंतींवरून पाणी ओघळायचं आणि त्याने अँप्लिफायर शॉर्ट व्हायचे. लाइट गेले की हे लोक जोक मारत, जाहिरातींची गाणी म्हणत वेळ काढायचे, आणि पब्लिकला तेच जास्त आवडायचं. ब्रायन एपस्टाइनचं रेकॉर्डचं दुकान तिथून जवळच, तो 9 नोव्हेंबर 1961 ला दुपारी सूटबूट घालून खाली उतरला आणि पुढच्या काही आठवड्यांत मॅनेजर झाला. क्लबच्या हिशेबाने बीटल्स तिथे 292 वेळा वाजले. शेवटचा कार्यक्रम 3 ऑगस्ट 1963, तेव्हा मानधन 300 पौंड होतं.

पीटची गोष्टही इथेच येते. 16 ऑगस्ट 1962 ला एपस्टाइनने त्याला ऑफिसात बोलावून काढून टाकल्याचं सांगितलं, त्याच्या जागी रिंगो आला, आणि बाकी तिघांपैकी कोणी समोर आलं नाही. कॅव्हर्नच्या पब्लिकने "पीट फॉरेव्हर, रिंगो नेव्हर" अशा घोषणा दिल्या, जॉर्जच्या डोळ्याखाली गुद्दा बसला. रिंगो त्यांच्यासाठी योग्य ड्रमर होता हे मान्यच, पण ज्या घरात तुम्ही वाढलात त्या घरच्या मुलाला असं काढणं मला आजही खटकतं. कॅसबा त्याच्या आधीच, जूनमध्ये बंद झाला होता, शेवटच्या रात्री बीटल्सच वाजवून गेले.

प्रश्न (औरंगाबाद) : मुलगी मँचेस्टरला शिकते, मे महिन्यात आम्ही दोघं जातोय. यातलं आज बघायला काय शिल्लक आहे?

उत्तर : पुष्कळ आहे. मँचेस्टरहून ट्रेनने लिव्हरपूल लाइम स्ट्रीट, तासाभराचा प्रवास, तिथून मॅथ्यू स्ट्रीट चालत. पण एक माहीत असू द्या, मूळ कॅव्हर्न 1973 मध्ये बंद केला आणि भुयारी रेल्वेत हवा खेळवायच्या शाफ्टसाठी वरची इमारत पाडून तळघर बुजवलं, आणि तो शाफ्ट तिथे कधी झालाच नाही! आताचा कॅव्हर्न 1984 चा, मूळ जागेच्या बऱ्याच भागावर, जुन्या विटा वापरून पण जास्त खोल बांधलेला. तरी जा, रोज लाइव्ह गाणी असतात. स्लेटर स्ट्रीटवरचा जॅकरँडा बारही चालू आहे, तिथल्या तळघरात त्यांनी 1960 मध्ये वाजवलंय.

वूल्टनच्या चर्चचा हॉल रस्त्यापलीकडे आहे, बाहेर पाटी लावलीय. जॉन आणि पॉलची लहानपणीची घरं नॅशनल ट्रस्टकडे आहेत, तिथे त्यांच्याच टूरने जावं लागतं, आत सोडतात ते तसेच.

आणि कॅसबा चुकवू नका. हेमन्स ग्रीन शहराच्या मध्यापासून सहा-सात किलोमीटर, टॅक्सी किंवा बसने जाता येतं. 2006 पासून ती संरक्षित वास्तू आहे, बेस्ट कुटुंबाकडेच आहे. पुन्हा बांधलेलं काही नाही, रंगवलेली छतं मूळची, भिंतीवर जॉनची आकृती आहे ती त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीने, सिंथियाने काढलेली. आधी बुकिंग केल्याशिवाय आत जाता येत नाही, तेव्हा तिकीट काढायच्या आधी कॅसबाची तारीख पक्की करा, मग बाकीचं त्याभोवती बसवा, आणि लिव्हरपूलसाठी दोन दिवस ठेवा, एका दिवसात हे होत नाही.