'झील' म्हणजे तळं नव्हे, उघाडी

प्रश्न असा आला आहे: जर्मनीच्या उत्तर किनाऱ्याचा नकाशा पाहताना कारोलीनेनझील, ग्रेटझील, नॉयहार्लिंगरझील अशी गावं ओळीनं दिसतात. यातला 'झील' म्हणजे हिंदीतलं तळं का? विचारणारे सावंतवाडीकडचे आहेत, म्हणून पुढं लिहितात, "आमच्याकडे झील म्हणजे मुलगा, पण तो काही इथे नसणार."

दोन्ही नव्हे. तळ्याला जर्मनमध्ये 'झे' म्हणतात, आणि लिंग बदललं की तोच शब्द समुद्र होतो: पुल्लिंगी झे म्हणजे तळं, स्त्रीलिंगी झे म्हणजे समुद्र. 'झील' त्यापेक्षा वेगळा. उच्चारही आपल्या झ चा नाही. 'जाड'मधल्या ज ला दीर्घ ई लावून पाहा, त्याच्या जवळ जाल. अर्थ आहे समुद्राच्या बांधातलं पाण्याचं दार. शब्दकोशात पाहिलंत तर 'जलद्वार' मिळेल. मी मात्र तिथे बेलाशक 'उघाडी' लिहीन.

मी रायगडच्या खारेपाटातला, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या पट्ट्यातला. उघाडी म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून खाडीकाठी बांध घालतात. पण मग पावसाचं पाणी आत तुंबतं आणि भात कुजतो. म्हणून बांधात दार ठेवायचं. ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं; भरती लागली की बाहेरचं पाणी तेच दार दाबून धरतं. माणसानं उघडायचं नाही, लावायचं नाही. आमचे काका पावसाळ्याआधी दाराच्या फळ्यांमधून बोटं फिरवून फटी शोधत आणि चिखल दाबून बुजवत. बोटभर फट राहिली तरी पाणी आत येत राहतं. गोव्यात खाजन शेतीच्या अशाच दाराला 'मानस' म्हणतात.

ओस्टफ्रीसलँडचा, म्हणजे जर्मनीच्या वायव्य टोकाचा किनारा असाच सपाट, चिखलाचा आणि बांधाआड राहणारा. तिथल्या झीलला बहुधा दोन लाकडी कवाडं असत, समुद्राकडे टोक करून एकमेकांना टेकलेली. भरतीचा जोर जितका जास्त, तितकी ती घट्ट बसत. आतलं पाणी दारापर्यंत आणणाऱ्या कालव्याला ते 'टीफ' म्हणतात. शब्दशः 'खोल'. विशेषणाचं नाम झालेलं.

आता दाराचं नाव गावाला का लागलं, हा खरा मुद्दा. ओहोटीला दारातून सुटलेलं पाणी जोरात वाहतं आणि बाहेरच्या गाळात स्वतःची वाट कोरत राहतं. बाकी किनारा उथळ चिखलाचा. होडी आत येऊ शकेल अशी खोल वाट तेवढी तिथेच. म्हणजे दार तिथे बंदर. बंदर तिथे धान्याची कोठारं, जहाजमालक, खलाशी, दुकानं. शेत वाचवायला केलेल्या भोकातून गाव जन्माला आलं.

कारोलीनेनझील हे त्याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण. १७१७ च्या नाताळच्या रात्री या किनाऱ्यावर भयंकर पूर आला, बांध फुटले, हजारो माणसं गेली. त्यानंतरच्या काळात इथल्या हार्लं उपसागराचा आणखी एक तुकडा बांध घालून समुद्राकडून घेतला गेला, आणि १७३० मध्ये नव्या बांधातल्या दाराशी गाव वसलं. इथला संस्थानिक होता गेओर्ग आल्ब्रेख्त; त्याच्या बायकोचं नाव झोफी कारोलीने. म्हणून 'कारोलीनेची उघाडी'.

पण समुद्र मागे रेटायचं काम थांबलं नाही. बाहेर आणखी जमीन तयार झाली, आणखी पुढे बांध पडला आणि १७६५ मध्ये त्यात नवं दार बसलं. तोवर प्रदेश प्रशिया या मोठ्या जर्मन राज्याकडे गेला होता, म्हणून त्या दाराला तिथल्या फ्रीडरिख राजाचं नाव: फ्रीडरिखश्लॉयझं. इथे शब्दप्रेमी माणसानं थांबावं. 'झील' हा फ्रीझियन किनाऱ्याचा घरचा शब्द, तर 'श्लॉयझं' मूळ लॅटिनमधून डच वाटेनं आलेला, इंग्रजी 'स्लूस'चा भाऊ. पुढे १९५० च्या दशकात अजून बाहेर तिसरं दार झालं, पंपांसकट, आणि त्या जागेचं नाव परत घरच्या शब्दावर आलं: हार्लंझील. आज वांगरोगं बेटाची बोट तिथून सुटते. पहिल्या दारापासून तिसऱ्यापर्यंत चालत गेलं तर सव्वादोनशे वर्षांत समुद्र किती मागे गेला ते पायांनी मोजता येतं. मूळ बंदरात आता जुनी शिडाची जहाजं उभी असतात आणि काठावर 'जर्मन झीलबंदर संग्रहालय' आहे.

ग्रेटझील याहून बरंच जुनं. ओस्टफ्रीसलँडवर १७४४ पर्यंत राज्य केलेलं त्सिर्कसेना घराणं मूळचं तिथलं. कोळंबीच्या होड्या अजून तिथे लागतात.

शब्दाचा गोतावळाही पाहण्यासारखा आहे. दार आणि टीफ राखणाऱ्या जमीनमालकांच्या मंडळाला 'झीलआख्त' म्हणतात आणि ही मंडळं आजही काम करतात. बांधाची जबाबदारी किती कडक, ते 'श्पाटनरेख्त' या शब्दात दिसतं: फावड्याचा कायदा. आपल्या वाट्याचा बांध ज्याला राखणं झेपत नसे तो बांधात फावडं खोचून निघून जाई. ते फावडं जो उपसेल त्याची जमीन, आणि बांधही त्याच्याच गळ्यात. म्हणच आहे, बांध घालायला जो नाही म्हणेल त्यानं जागा सोडावी. आमच्याकडे शेतकरी मिळून बांध राखत त्या 'जोळ' पद्धतीची मला इथे आठवण होते. फावड्याइतकी कठोर ती नसावी, पण एकाच्या बांधाला पडलेली खांड, म्हणजे भगदाड, ती सगळ्यांची खांड, हे दोन्हीकडे सारखंच.

सीमेपलीकडे नेदरलँड्समध्ये हाच शब्द 'झाइल' होतो; एम्स नदीच्या मुखाशी डेल्फझाइल आहे. हांबुर्गमध्ये मात्र 'झील' म्हणजे शहराखालचं गटार. १८४२ च्या मोठ्या आगीनंतर विल्यम लिंडली या इंग्रज अभियंत्यानं तिथे भुयारी गटारं बांधली, त्यांना हेच नाव मिळालं. तेव्हा हांबुर्गच्या बातमीत 'झील' आलं तर उघाडी लिहू नका. किनाऱ्यावरच्या गावाच्या नावात आलं तर खुशाल लिहा.