‘तालुका पनवेल, जिल्हा ठाणे’ असे लिहिलेल्या जुन्या कागदाविषयी

आपला प्रश्न असा आहे की, खारघरच्या आपल्या घराण्यात जपून ठेवलेल्या 1878 सालच्या मोडी गहाणखतावर ‘तालुका पनवेल, जिल्हा ठाणे’ असे लिहिलेले आहे, आणि पनवेल तर रायगड जिल्ह्यात येते. मग हा कागद बनावट समजावा काय, आणि त्या जमिनीचे जुने दप्तर अलिबागला शोधावे की ठाण्याला. केवळ जिल्ह्याच्या नावावरून हा कागद बनावट ठरत नाही. उलट त्या सालच्या कागदावर पनवेलपुढे ‘जिल्हा कुलाबा’ लिहिलेले असते, तर मी शंका घेतली असती, कारण पनवेल तालुका उरण व करंजा या महालांसह (महाल म्हणजे तालुक्याखालील छोटा विभाग) ठाणे जिल्ह्यातून निघून कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडला गेला तो 1883 साली.

असे का झाले हे समजण्यासाठी ठाण्याची जिल्हा कचेरी मुळात केवढ्या मुलखावर कारभार करीत होती ते पाहावे लागेल. मुंबईच्या उत्तरेचे, ठाणे ज्यावर वसले आहे ते साष्टी बेट इंग्रजांनी 1774 च्या अखेरीस घेतले आणि 1782 च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडे कायम झाले. खाडीपलीकडचा मोठा प्रदेश मात्र पेशव्यांकडून 1817 साली मिळाला. त्यातून ‘उत्तर कोकण’ हा जिल्हा बनला व त्याचे मुख्य ठिकाण ठाणे झाले. 1830 साली दक्षिण कोकणातील काही भाग त्याला जोडण्यात आला आणि 1833 पासून जिल्ह्याला ठाणे हेच नाव मिळाले. म्हणजे डहाणूच्या उत्तरेपासून थेट महाडपर्यंतचा मुलूख एकाच कलेक्टरच्या हाताखाली आला, आणि तोही रेल्वे येण्यापूर्वी, जेव्हा वाटेतली प्रत्येक खाडी होडीने उतरावी लागे व पावसाळ्यात डोंगराकडील गावांशी संपर्कच तुटे. हा व्याप पेलणारा नव्हता, हे सरकारला उमगायला वीस वर्षे लागली असे म्हणावे लागते. 1853 साली पेण, रोहे व महाड हे विभाग आणि खालसा झालेल्या आंग्र्यांच्या कुलाबा संस्थानाकडील मुलूख मिळून ठाण्याच्या हाताखालीच कुलाब्याची उपकलेक्टरी स्थापन झाली, आणि 1869 साली तिचा स्वतंत्र जिल्हा झाला. पनवेल त्या वेळी ठाण्यातच राहिले; आपला कागद नेमका या मधल्या काळातला आहे.

जिल्ह्यांबरोबर तालुक्यांची नावे व हद्दीही बदलत होत्या, आणि जुने कागद वाचणारा बहुधा येथेच अडखळतो. उरण 1861 पर्यंत साष्टीत मोडत असे व त्यानंतर पनवेलकडे गेले, त्यामुळे आज नवी मुंबईच्या टोकाला असलेल्या उरणच्या एखाद्या गावाचा कागद ‘तालुका साष्टी’ म्हणू लागला तर दचकू नये. 1866 च्या फेररचनेत संजाणचे डहाणू, कोळवणचे शहापूर व नसरापूरचे कर्जत झाले. कर्जतही पुढे 1891 साली कुलाब्याकडे गेले. साष्टीचे 1920 साली उत्तर व दक्षिण असे दोन तालुके करून दक्षिणेकडील 84 गावे नव्या मुंबई उपनगर जिल्ह्याला दिली गेली. उरलेली उत्तर साष्टी 1923 साली कल्याण तालुक्याखालील नुसता महाल झाली आणि 1926 साली तिला ठाणे हे नाव मिळाले. ज्या गावात जिल्ह्याची कचेरी, ते गाव स्वतः काही काळ कल्याणच्या मामलेदाराखाली, म्हणजे तालुक्याच्या महसूल अधिकाऱ्याखाली, होते, ही गंमत ठाणेकरांनाही सहसा ठाऊक नसते. पुढे 1970 साली सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन होऊन ठाणे, पनवेल व उरण या तीन तालुक्यांतील गावांच्या जमिनींवर नवी मुंबई हे नवे शहर वसले, म्हणून बेलापूरचा रहिवासी ठाणे जिल्ह्यात आणि शेजारच्या खारघरचा रायगडात, ही स्थिती 1883 च्या त्या निर्णयाकडे जाते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. महसुलाची हद्द व न्यायाची हद्द एक नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी ठाणे जिल्हा अहमदाबादच्या, तर कुलाबा बेळगावच्या कमिशनरच्या हाताखाली होता, तरी कुलाब्यावर जिल्हा न्यायाधीश मात्र ठाण्याचाच होता. तेव्हा 1883 नंतरच्या एखाद्या निवाड्यावर ठाण्याच्या न्यायालयाचा शिक्का दिसला, तरी तेवढ्यावरून पनवेल तेव्हाही ठाणे जिल्ह्यात होते असा तर्क लढवू नये.

आता शोधाविषयी. 1878 सालचा सातबारा मागू नका, तो मिळणार नाही. सातबारा ज्या हक्कनोंदणीचा भाग आहे, तिचा कायदाच मुंबई इलाख्यात 1903 साली आला. त्यापूर्वीचा आधार म्हणजे मूळ मोजणीचे शेतवार पत्रक (शेतांची क्रमवार यादी), आकार म्हणजे जमिनीचा सारा ठरविल्याचे कागद आणि पगारी तलाठ्याने ठेवलेले गावचे हिशेब. गावाचे दप्तर सामान्यतः तालुक्याबरोबर जाते, म्हणून आधी पनवेलच्या तहसील कचेरीत व तेथील भूमी अभिलेख कार्यालयात नकलेचा अर्ज करावा. गहाणखतावर नोंदणीचा शेरा असेल, तर त्याचा क्रमांक व तारीख उतरवून घेऊन दुय्यम निबंधकाकडे स्वतंत्र अर्ज करावा. हुजूर कचेरीचा पत्रव्यवहार, म्हणजे कलेक्टर व सरकार यांच्यातील लिखापढी, मुंबईच्या राज्य अभिलेखागारात महसूल खात्याच्या खंडांत पाहावी लागते, आणि तेथे 1883 पूर्वीचे पनवेल ठाण्याखालीच शोधायचे आहे. अलिबागला जाण्याची पाळी त्यानंतरची. अर्जात गावाचे आजचे नाव, कागदावरील जुने नाव, जुना सर्व्हे क्रमांक असल्यास तो आणि ‘1883 पूर्वी जिल्हा ठाणे’ एवढे शब्द अवश्य लिहावेत, म्हणजे ‘हे गाव आमच्याकडचे नाही’ असा शेरा मारून अर्ज परत येण्याची शक्यता बरीच कमी होते.