राधानाथ सिकदार १८४९ साली ‘कॉम्प्युटर’ कसे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिमालयाच्या शिखरांची उंची काढण्याच्या कामातले गणिती राधानाथ सिकदार यांच्यावरच्या एका इंग्रजी लेखात ते १८४९ साली ‘चीफ कॉम्प्युटर’ झाले असं वाचलं, त्या काळी कॉम्प्युटर कुठे होता, ही छपाईतली चूक आहे का, आणि मराठीत लिहिताना तिथे कोणता शब्द घालायचा?

चूक नाही. त्यांचा हुद्दाच तो होता. सुमारे तीनशे वर्षं इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ म्हणजे माणूस: आकडेमोड करणारा, बहुधा त्याच कामाचा पगार घेणारा. यंत्राला हे नाव मिळाल्याला अजून शंभर वर्षंही धड झालेली नाहीत. त्या माणसांचं काम यंत्राकडे गेलं आणि कामाबरोबर त्यांचं नावही गेलं. मला या शब्दाबद्दल इतकं लिहावंसं वाटतं ते त्यामुळेच. नाव गेल्यावर ती माणसंही आपल्या नजरेआड झाली, आणि मग सिकदारांचा हुद्दा वाचून छपाईची चूक असेल असं वाटू लागतं.

आधी शब्दाचं मूळ. लॅटिनमध्ये ‘पुतारे’ म्हणजे छाटणं, साफ करणं. द्राक्षवेलीची छाटणी करायला हेच क्रियापद. त्यावरून हिशेब साफ करणं, मोजणं, आणि पुढे विचार करणं, मानणं असे अर्थ आले. हात-पाय कापण्याला डॉक्टर ‘अँप्युटेशन’ म्हणतात, त्यात छाटणीचा अर्थ अजून जिवंत आहे. ‘पुतारे’ला ‘कॉम’, म्हणजे एकत्र, हा उपसर्ग लागून ‘कॉम्प्युतारे’ झालं: सगळं एकत्र मांडून हिशेब करणं. हाच शब्द फ्रेंच लोकांच्या तोंडी झिजला आणि त्या वाटेने इंग्रजीत ‘काउंट’ आणि ‘अकाउंट’ आले. दुकानातला ‘काउंटर’, म्हणजे पैसे मोजायचं टेबल, हाही त्याच घरातला. अकाउंटंट आणि कॉम्प्युटर हे शब्दांच्या नात्याने चुलतभाऊच म्हणायचे.

मध्ययुगीन युरोपात ‘कॉम्प्युटस’ म्हणजे ईस्टरची तारीख काढण्याचं गणित. ईस्टर चंद्रावर आणि वसंतसंपातावर अवलंबून, त्यामुळे दरवर्षी तारीख वेगळी. इंग्लंडमधल्या बीड नावाच्या मठवासी विद्वानाने ७२५ साली कालगणनेवर जो ग्रंथ लिहिला त्यात हेच गणित मुख्य आहे. आपल्याकडे पंचांगाचं गणित करणाऱ्यांचं काम याच जातीचं. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५२० च्या सुमारास ‘ग्रहलाघव’ लिहिला तो हे काम सोपं व्हावं म्हणूनच, आणि महाराष्ट्रातली पंचांगं कित्येक पिढ्या त्यावरून होत होती.

इंग्रजीत ‘कॉम्प्युटर’ हे रूप सापडतं ते १६१३ सालापासून. तिथे तो ‘कालाचा सर्वांत अचूक गणक’ अशा अर्थाने येतो, माणसाच्या आयुष्याचे दिवस किती थोडे हे सांगताना. तेव्हा तो हुद्दा नव्हता. धंदा म्हणून तो रुळला अठराव्या शतकात, आणि त्यामागे खगोलशास्त्र आणि समुद्रप्रवास होता.

हॅलेचा धूमकेतू नेमका कधी परतणार हे काढायला पॅरिसमध्ये क्लेरो हा गणिती, लालांद हा खगोलशास्त्रज्ञ आणि निकोल-रेन लपोत ही बाई असे तिघे १७५८ मध्ये महिनोन्महिने बसले. सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानासुद्धा गणित चालायचं, असं लालांदने पुढे लिहून ठेवलं. त्यांचं उत्तर होतं १७५९ च्या एप्रिलचा मध्य. धूमकेतू सूर्याच्या सर्वांत जवळ आला १३ मार्चला. गुरू आणि शनीच्या ओढीचा हिशेब हाताने करून महिन्याभराची चूक! माझ्या मते हे मोठं यश आहे. आणखी एक गोष्ट यातून सिद्ध झाली: प्रचंड आकडेमोडीचे तुकडे पाडून ते अनेक जणांत वाटता येतात.

इंग्लंडमध्ये ग्रीनिचच्या वेधशाळेचा प्रमुख नेव्हिल मॅस्केलिन याने अशा वाटून करायच्या कामाची घडी बसवली. भर समुद्रात जहाजाचं रेखांश काढायला चंद्र अमुक ताऱ्यापासून किती अंशांवर आहे याची तक्ते-कोष्टकं लागत, आणि तीही वर्षभराची, दर तीन तासांची. १७६७ सालापासून ‘नॉटिकल अल्मनॅक’, म्हणजे खलाशांसाठीचं पंचांग, निघू लागलं. त्याची कोष्टकं करणारे ‘कॉम्प्युटर’ ग्रीनिचच्या वेधशाळेत बसत नसत. इंग्लंडभर आपापल्या घरी बसून, टपालाने काम घेऊन, टपालाने पाठवत. एकाच महिन्याचं काम दोघांना स्वतंत्रपणे दिलं जाई आणि तिसरा माणूस दोन्ही ताडून बघे. दोघांनी एकमेकांचं उतरवून काढल्याचं एकदा उघडकीला आलं आणि त्यांचं काम गेलं. लडलो गावच्या मेरी एडवर्ड्स यांचं घर या कामावर चालायचं. काम कागदोपत्री नवऱ्याच्या नावावर होतं. तो १७८४ मध्ये गेल्यावर ते त्यांच्या नावाने मिळू लागलं, आणि त्यांच्यानंतर मुलीने चालवलं.

हाताने केलेल्या अशा कोष्टकांत चुका राहायच्याच. त्या चुकांना वैतागून एकोणिसाव्या शतकात चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञाने यंत्राची कल्पना मांडली. पण बॅबेज आपल्या यंत्राला कधीच कॉम्प्युटर म्हणाला नाही. त्याची यंत्रं म्हणजे ‘एंजिन’: डिफरन्स एंजिन, अ‍ॅनालिटिकल एंजिन. त्याच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे ज्याच्या चुका टाळायच्या तो माणूस. बॅबेजला ‘कॉम्प्युटरचा जनक’ म्हणताना हे ध्यानात ठेवावं. त्याला स्वतःला ती पदवी कळलीच नसती.

आता सिकदार. जन्म १८१३, कलकत्त्याच्या हिंदू कॉलेजचे विद्यार्थी, गणितात फार तयार. हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’चे प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३१ मध्ये त्यांना गणक म्हणून घेतलं. थिओडोलाइटने, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीने, शिखराचा कोन मोजला की उंची कळते असं आपण शाळेत शिकतो, पण हिमालयाची शिखरं मोजताना ते पुरत नाही. नेपाळमध्ये परक्यांना प्रवेश नव्हता. त्यामुळे १८४९-५० मध्ये बिहारच्या सपाटीवरून, दीडशे किलोमीटरहून जास्त अंतरावरून वेध घेतले गेले. इतक्या अंतरावर पृथ्वीची गोलाई मध्ये येते, हवेच्या थरांतून प्रकाश वाकतो, आणि तो किती वाकतो ते तापमानावर आणि हवेच्या दाबावर ठरतं. निरनिराळ्या ठिकाणांहून घेतलेले वेध वेगवेगळी उत्तरं देतात आणि त्यांचा मेळ घालावा लागतो. हे सगळं गणकांच्या टेबलावर होत असे. ‘शिखर क्रमांक १५’ची, म्हणजे आजच्या एव्हरेस्टची, उंची निघाली २९,००२ फूट, आणि १८५६ मध्ये सर्व्हेयर जनरल अँड्र्यू वॉ यांनी ती जाहीर केली. २०२० साली नेपाळ आणि चीनने मिळून जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर आहे. म्हणजे कागद, पेन आणि लॉग टेबलाच्या जोरावर काढलेल्या आकड्यात फरक सुमारे ९ मीटरचा.

सिकदार धावत साहेबाच्या खोलीत शिरले आणि ‘जगातलं सर्वांत उंच शिखर सापडलं’ म्हणाले, ही गोष्ट तुम्हीही वाचली असेल. ती लेखात घालू नका असं मी सांगेन. १८४९ पासून सिकदार कलकत्त्याला होते आणि वॉ यांचं ठाणं देहरादूनला. शिवाय गणकांची आख्खी कचेरी या कामात होती. सिकदार मोठे ठरायला त्या प्रसंगाची गरजही नाही.

त्यापेक्षा नक्की घालावी अशी गोष्ट वेगळी आहे. १८५१ मध्ये भारतातल्या सर्वेक्षणाची इंग्रजी मार्गदर्शिका निघाली. तिचे तांत्रिक भाग लिहिण्यात सिकदारांचा मोठा वाटा होता आणि प्रस्तावनेत त्यांच्या नावानिशी तसं मान्य केलेलं होतं. सिकदार १८७० मध्ये वारले. १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून त्यांचं नाव काढून टाकलं, मजकूर मात्र ठेवला. ‘फ्रेंड ऑफ इंडिया’ या वर्तमानपत्राने त्याला मृताच्या घरावर घातलेला दरोडा म्हटलं होतं. भारतीय टपाल खात्याच्या तिकिटावर ते यायला २००४ साल उजाडलं.

गणकाच्या वाट्याला हेच येत होतं, आणि ते फक्त हिंदुस्थानात नाही. हार्वर्डच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या प्रमुखाने, एडवर्ड पिकरिंगने, बायकांची तुकडीच कॉम्प्युटर म्हणून नेमली. ताऱ्यांच्या छायाचित्रांच्या काचा तपासायच्या, मोजायच्या, नोंदवायच्या. मोबदला तासाला २५-३० सेंट. त्यांतल्याच हेन्रिएटा लेव्हिट यांनी काही ताऱ्यांची तेजस्विता आणि त्यांच्या चढउताराचा काळ यांचं नातं शोधून काढलं. दूरच्या दीर्घिकांची अंतरं मोजता आली ती त्या नात्यामुळे. त्यांचा १९१२ चा तो निष्कर्ष छापला गेला पिकरिंगच्या सहीने. आत मजकूर लेव्हिट यांनी तयार केल्याचा उल्लेख होता, इतकंच.

नाव माणसावरून यंत्रावर गेलं तो टप्पा दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासचा. तसं एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी एखाद्या हिशेबी उपकरणाला कॉम्प्युटर म्हटलेलं सापडतं. पण १९३६ मध्ये अ‍ॅलन ट्यूरिंग या इंग्रज गणितज्ञाने आपला गाजलेला निबंध लिहिला तेव्हाही कॉम्प्युटर म्हणजे माणूसच होता. युद्धात फिलाडेल्फियाच्या मूर स्कूलमध्ये बायका तोफांची कोष्टकं करत: किती कोनात तोफ धरली तर गोळा कुठे पडेल. टेबलावरच्या गणनयंत्राने एका गोळ्याचा मार्ग काढायला ३०-४० तास लागत. हे काम झपाट्याने व्हावं म्हणून एनिॲक हे इलेक्ट्रॉनिक यंत्र बांधलं, आणि त्याने तेच सुमारे अर्ध्या मिनिटात केलं. फेब्रुवारी १९४६ मध्ये ते जगापुढे आलं.

एनिॲकला काय करायचं ते सांगण्यासाठी, म्हणजे तारा जोडून आणि खटके लावून गणित बसवण्यासाठी, ज्या सहा जणी निवडल्या त्या हुद्द्याने कॉम्प्युटरच होत्या: के मॅकनल्टी, बेटी जेनिंग्ज, बेटी स्नायडर, मार्लिन वेस्कॉफ, फ्रॅन बिलास आणि रूथ लिख्टरमन. आधीच्या कॉम्प्युटरांनी नव्या कॉम्प्युटरला गणित शिकवलं आणि त्या स्वतः पुढे ‘प्रोग्रॅमर’ झाल्या. त्यांची नावं लोकांपुढे यायला मात्र कित्येक दशकं गेली.

सुरुवातीला यंत्राला हे नाव निर्धास्तपणे देता येत नव्हतं. म्हणून त्याच्या आधी विशेषणं लागली: इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर, ऑटोमॅटिक कॉम्प्युटर, डिजिटल कॉम्प्युटर. १९५१ च्या ‘युनिव्हॅक’ (UNIVAC) या यंत्राच्या नावातली शेवटची दोन इंग्रजी अक्षरंही ‘ऑटोमॅटिक कॉम्प्युटर’ची आहेत. १९४४ मध्ये हार्वर्डला दिलेल्या यंत्राला आयबीएमने ‘कॅल्क्युलेटर’ म्हटलं होतं. १९५५ मध्ये कंपनीच्या फ्रेंच शाखेने भाषेचे प्राध्यापक जाक पेरे यांचा सल्ला घेतला आणि त्यांनी ‘ऑर्दिनातर’ सुचवला, म्हणजे सुव्यवस्था लावणारा. फ्रेंच आजही तोच वापरतात.

पुढे यंत्र इतकं बोकाळलं की विशेषण उलट्या बाजूला लावावं लागलं. ट्यूरिंगने १९५० च्या लेखात माणसासाठी मुद्दाम ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ लिहिलं. शकुंतला देवींनी १९८० मध्ये लंडनला १३ आकडी दोन संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी केला, त्या काळापर्यंत ‘ह्यूमन कॉम्प्युटर’ ही यंत्राच्या उपमेने दिलेली शाबासकी झाली होती. सिकदारांच्या वेळी ती द्विरुक्ती ठरली असती.

असं या एकाच शब्दाचं झालेलं नाही. ‘टाइपरायटर’ हा शब्द एकोणिसाव्या शतकात यंत्रासाठीही होता आणि त्यावर काम करणाऱ्या मुलीसाठीही. ‘प्रिंटर’ आधी छापखान्यातला माणूस होता. इंग्रजीतला तो शेवटचा ‘अर’ करणारा कोण इतकंच सांगतो. तो जिवंत की लोखंडी हे सांगत नाही. काम बदललं की नाव निमूट नव्या हातात जातं. माणसाचा हुद्दा लगेच पुसलाही जात नाही: अमेरिकेत नासाच्या आधीच्या ‘नाका’ या संस्थेत कॅथरिन जॉन्सन यांच्यासारख्या गणिती बायका १९५०च्या दशकातही कॉम्प्युटर म्हणवल्या जात होत्या, आणि आपल्या जनगणना खात्यात ‘कॉम्प्युटर’ नावाचं पद त्यानंतरही बरीच वर्षं होतं.

मराठीचं विचाराल तर सिकदारांसाठी ‘मुख्य गणक’ लिहा. गणक म्हणजे हिशेब करणारा, हा अर्थ आपल्याकडे जुनाच आहे आणि तो माणसाला लागतो. ‘मुख्य संगणक’ लिहिलंत तर वाचकाला यंत्रच दिसेल. पहिल्यांदा येईल तिथे ‘ज्याला तेव्हा इंग्रजीत कॉम्प्युटर म्हणत’ एवढं जोडलं की पुढे खुलासा लागणार नाही.

जुने इंग्रजी कागद वाचताना माझा आडाखा असा: १९४० च्या आधीचा कॉम्प्युटर जवळजवळ नेहमी माणूस. १९४० ते १९५५ मधला असेल तर शेजारी विशेषण आहे का बघा, आणि पगार, नेमणूक, रजा असं काही आहे का तेही बघा. ट्यूरिंगचा १९३६ चा निबंध हातात घेतलात तर ही सावधगिरी सर्वांत जास्त लागेल. तिथल्या कॉम्प्युटरला ‘मनःस्थिती’ आहे आणि त्याच्यासाठी सर्वनाम ‘तो’ आहे, ‘ते’ नाही.