टी सेल (रोगप्रतिकार करणाऱ्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) नव्याने शिकतोयस? आधी एवढंच पक्कं कर

अरे, पहिल्याच महिन्यात सायटोकाईन्सची (पेशी एकमेकींना निरोप द्यायला सोडतात ती प्रोटीन्स) लिस्ट पाठ करत बसू नकोस, ती पुढे वाचता वाचता येते. खारघरला अ‍ॅक्ट्रेकमध्ये (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र) ट्रेनिंगसाठी अर्ज करायचाय म्हणालास ना, मग या दोन गोष्टी आधी क्लिअर कर.

१. अँटीबॉडी अख्ख्या प्रोटीनलाही चिकटते, पण नेहमीच्या टी सेलला तसं प्रोटीन दिसतच नाही, त्याचा कापलेला तुकडा म्हणजे पेप्टाईड एमएचसीवर (पेशीच्या पृष्ठभागावरचं, तुकडा धरून दाखवणारं प्रोटीन) बसवून दाखवावा लागतो आणि टी सेलचा रिसेप्टर पेप्टाईड आणि एमएचसी दोन्ही मिळूनच ओळखतो. झिंकरनागेल आणि डोहर्टी यांनी १९७४ मध्ये एमएचसीची ही अट दाखवली, १९९६ चं नोबेल त्यावरच मिळालं. नवीन पोरं इथेच गडबडतात, त्यामुळे चित्र हाताने काढ, परत परत काढ.

२. थायमस (छातीतली ग्रंथी, जिथे टी सेल घडतात) सगळे सेल्फ-रिअ‍ॅक्टिव्ह (स्वतःच्याच शरीरावर उलटू शकणारे) सेल मारतो असं लिहू नकोस. स्वतःच्या पेप्टाईडला घट्ट चिकटणारे बरेचसे मरतात, काही रेग्युलेटरी (म्हणजे ट्रेग, बाकीच्यांना आवरणारे टी सेल) बनतात, आणि काही निसटतात, तेही अगदी निरोगी माणसात! म्हणजे रक्तात असा सेल सापडला की ऑटोइम्यून आजार झालाच असं नाही, ट्रेग त्यांना आवरून धरतात. २०२५ चं मेडिसिनचं नोबेल याच कामाला मिळालंय, ते जरूर वाच, भारी आहे.

सिग्नलिंग पाथवे आत्ता नको. चित्रं काढून झाली की फोटो पाठव, बघतो.