वसतिगृह पाहावे ते संध्याकाळी

प्रश्न : आम्ही डिचोली तालुक्यातल्या एका गावात राहतो. मुलगा पाचवीत आहे. चौथीपर्यंत तो गावच्या सरकारी मराठी शाळेत होता, यंदापासून इंग्रजी माध्यमात बसतो. यजमान बोटीवर नोकरीला असल्यामुळे वर्षातले आठ-नऊ महिने घरी नसतात. मी परिचारिका आहे आणि मला रात्रपाळ्या चुकत नाहीत. आजवर सासूबाई मुलाचे सगळे पाहत, पण आता त्यांचेच पाहावे लागते. मुलाला पाचगणीच्या एखाद्या निवासी शाळेत घालावे असे यजमानांना वाटते, दीर सातारच्या सैनिक शाळेचे नाव घेतात, माझ्या मनात वाळपईचे नवोदय विद्यालय आहे, आणि फोंड्याची माझी थोरली बहीण म्हणते, ‘माझ्याकडे ठेव.’ मुलाला विचारले तर तो एवढेच म्हणतो, ‘चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला मी घरी असेन ना?’ काय करावे?

— एक वाचक, डिचोली

उत्तर : ताई, आपल्या पत्रात चार शाळांची आणि घरांची नावे आहेत, पण मुलाला रात्री ताप आला तर त्याच्या उशाशी कोण बसेल, हा प्रश्न त्यांपैकी एकाही नावापुढे आपण लिहिलेला नाही. आपण स्वतः रात्रपाळी करता, म्हणून आधी तोच विचारते. वर्गातले सहा तास बहुतेक बऱ्या शाळांत सारखेच जातात. निवासी शाळेची खरी निवड दुपारी चारपासून सकाळी सातपर्यंतच्या वेळेसाठी करायची असते.

काही वर्षांपूर्वी भाच्यासाठी आम्ही गोव्याबाहेरची एक निवासी शाळा पाहायला गेलो होतो. सकाळी आम्हाला सभागृह, चषकांची कपाटे आणि संगणकांची खोली मोठ्या अगत्याने दाखवली गेली. आम्ही परवानगी मागून संध्याकाळपर्यंत थांबलो. श्रावणातले दिवस होते. गणवेश खाटांच्या दांड्यांवर वाळत होते, गाद्यांना ओलीचा वास येत होता आणि तीन न्हाणीघरांपैकी दोघांना आतून कडी नव्हती. आजारी मुलांच्या खोलीतली नोंदवही मी सहज उघडली, तर महिनाभर प्रत्येक मुलाचा ताप 98.4, एकाच पेनाने, एका बैठकीत लिहिल्यासारखा. चौकशी केल्यावर कळले, की वही रखवालदार भरतो आणि परिचारिका आठवड्यातून एकदा येते. भाच्याला आम्ही तिथे घातले नाही. अशी वही आपल्याला माझ्यापेक्षा लवकर वाचता येईल, तेव्हा कुठेही गेलात तरी ती मागाच.

आता वाळपईविषयी. नवोदयचा प्रवेश सहावीत, निवड परीक्षेतून होतो आणि ही परीक्षा एकदाच देता येते, त्यामुळे यंदाची संधी हुकली तर पुढच्या वर्षी पुन्हा बसता येणार नाही. जागा जास्तीत जास्त 80 असतात आणि त्यांतल्या किमान 75 टक्के ग्रामीण भागातल्या मुलांसाठी राखीव असतात. इथे एक बारकावा आहे, ज्याच्यावर आपल्यासारख्या पालकांचे गणित बिघडते : तिसरी, चौथी आणि पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातल्या शाळेत झालेल्या असाव्या लागतात. आपल्याकडे गावची प्राथमिक शाळा चौथीला संपते आणि पाचवीला मूल बऱ्याचदा तालुक्याच्या गावी जाते. आपल्या मुलाची आताची शाळा डिचोली नगरपालिकेच्या हद्दीत असेल, तर गावात राहत असूनही तो शहरी उमेदवार गणला जाईल. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी मुख्याध्यापकांकडून शाळेच्या हद्दीची खात्री करून घ्यावी. राहणे, जेवण आणि पुस्तके मोफत असतात. नववीपासून काही मुलांकडून विकास निधीची माफक रक्कम घेतात. आणखी एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी : नववीत सुमारे 30 टक्के मुले वर्षभरासाठी हिंदी भाषक प्रदेशातल्या नवोदयात पाठवली जातात. मुलगा वाळपईला तासाभराच्या वाटेवर आहे, या समाधानाला ते एक वर्ष अपवाद ठरू शकते.

सैनिक शाळेविषयी थोडक्यात सांगते. सातारची शाळा 1961 सालची, देशातली पहिली. सहावीसाठी अखिल भारतीय परीक्षा असते आणि 31 मार्चला मुलाचे वय 10 ते 12 वर्षांच्या दरम्यान असावे लागते. त्या शाळेतल्या 67 टक्के जागा महाराष्ट्रातल्या मुलांना असतात, हे दिरांच्या कानावर घालावे. शिस्तीची आवड मुलाला आहे की काकांना, तेही पाहावे.

पाचगणीबद्दल माझे मन साशंक आहे. तिथल्या शाळा जुन्या आणि नामांकित आहेत, यात वाद नाही. पण सुमारे 1,300 मीटर उंचीवरचा पाऊस आणि थंडी, गोव्याहून रात्रभराचा प्रवास, बऱ्याच शाळांतला आयसीएसईचा अभ्यासक्रम आणि याच वर्षी बदललेले माध्यम, इतके सगळे एका वर्षात दहा-अकरा वर्षांच्या मुलावर घालणे मला जड वाटते. यजमानांचा आग्रह कायमच राहिला, तर शुल्काच्या मुख्य आकड्यावर थांबू नये. अनामत, धुलाई, सहली, सुट्टीत मुलांना पोचवणाऱ्या माणसाचा खर्च, आणि वर्षाच्या मध्येच मुलाला काढले तर किती रक्कम परत मिळेल, हे सगळे लेखी घ्यावे. तोंडी ‘बघू’ला अर्थ नसतो.

राहिले फोंड्याचे घर. पुढची दोन वर्षे तरी ही सोय मला सर्वांत बरी वाटते, पण बहिणीने प्रेमाने म्हटले म्हणून ती आपोआप जमेल असे नाही. मावशीच्या मुलांनी खोली वाटून घ्यायची आहे, मावशीच्या यजमानांनी रागावायचे की नाही हे ठरायचे आहे, आणि दरमहा किती पैसे द्यायचे हे बहिणीशी एकदा स्पष्ट बोलायचे आहे. ‘आपल्यात कसले पैसे’ म्हणून टाळलेला विषय सहा महिन्यांनी डाळीच्या वाटीवरून निघतो.

मूल कुठेही राहिले तरी एक कागद लगेच तयार करावा. यजमान समुद्रावर आणि आपण वॉर्डात असताना शाळेने फोन कोणाला करायचा, मुलाला न्यायला कोण येऊ शकते आणि तातडीच्या उपचारांना संमती कोण देईल, हे दोघांच्या सहीने शाळेला द्यावे. बहिणीला स्थानिक पालक म्हणून नेमावे. मुलाला घरी फोन करण्याचे दिवस आणि वेळ विचारून घ्यावी. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा क्रमांक त्याला पाठ असू द्यावा आणि तक्रार करायची झाली तर ती अधीक्षकांना सोडून आणखी कोणाकडे करता येते, हे शाळेलाच विचारावे. या प्रश्नावर जे चिडतात, त्यांच्याकडे मूल ठेवू नये.

नवोदयचा अर्ज मात्र भरावा. परीक्षा दिली म्हणून जावेच लागते असे नाही, आणि निवड झाली तर आपण तिघांनी एका संध्याकाळी वाळपईला जाऊन यावे. त्या भेटीत वर्षाच्या सुट्ट्यांचा छापील तक्ता मागून घ्या आणि तो मुलाच्याच हातात द्या. चवथीच्या तारखा त्याला स्वतः शोधू द्या. सुट्टी कमी पडत असेल, तर माटोळीच्या दिवसापुरती रजा मिळते का, हे तिथल्या तिथे, त्याच्यादेखतच विचारा.