कोमट मंडळी: हे ‘कोमट’ नेमकं कसलं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब म्हणाले, “आपली मंडळी लावदिकीयासारखी कोमट झाली आहे.” (मंडळी म्हणजे चर्चचा समुदाय, आणि लावदिकीया हे बायबलमधलं एक जुनं शहर.) ताई विचारतात, कोमट पाणी तर आपल्याकडे चांगलंच समजतात, मग हा दोष कसा झाला? आणि कोमट होणं म्हणजेच जगाशी तडजोड करणं का?

पहिली शंका अगदी रास्त आहे. मराठीत कोमट हा गुणी शब्द. बाळाची आंघोळ कोमट पाण्याने, विरजण लावायचं ते कोमट दुधाला, घसा धरला की कोमट पाण्याच्या गुळण्या. ‘ना थंड ना गरम’ याला आपण नावं ठेवत नाही, उलट ‘सोसवेल असं’ म्हणून तेच मागतो. संस्कृतात मात्र थोडी खोच आहे. अमरकोशात कोमटला चार शब्द एका ओळीत दिलेत: कोष्ण, कवोष्ण, मंदोष्ण, कदुष्ण. यातल्या ‘कु’ आणि ‘कद्’चा अर्थ इथे ‘थोडंसं’ एवढाच. पण तोच ‘कु’ कुकर्मात आणि तोच ‘कद्’ कदन्नात, म्हणजे निकृष्ट अन्नात, येतो. म्हणजे धड उष्ण नसलेलं पाणी वैयाकरणांच्या लेखीही जरा हिणकसच.

आता ज्या वाक्यावरून हे सगळं आलं ते पाहू. बायबलच्या नव्या करारातलं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण. त्याच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीयाच्या मंडळीला ख्रिस्ताचा निरोप आहे: तू थंड नाहीस, ऊनही नाहीस, दोन्हींपैकी काहीतरी असतास तर बरं होतं, पण तू कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार आहे. मूळ ग्रीक शब्द ‘ख्लिआरोस’, आणि अख्ख्या नव्या करारात तो एवढ्या एकाच ठिकाणी येतो.

मराठी वाचकाला इथली किल्ली ‘कोमट’मध्ये नाही, ‘ओकणे’मध्ये सापडेल. पोटात नको ते गेलं की मिठाचं कोमट पाणी पाजून उलटी काढायची, हा घरोघरचा जुना उपाय (डॉक्टरांना विचारल्याशिवाय आता तो करू नये, ते सोडा). कोमटाने पोट ढवळतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. रामदासांच्या दासबोधातल्या ‘उत्कट भव्य तेंचि घ्यावें, मळमळीत अवघेंचि टाकावें’ या ओळीतला शब्द आज बरेच जण ‘मिळमिळीत’ म्हणतात, पण ‘मळमळीत’ जास्त नेमका. त्यात ‘मळमळ’ ऐकू येते. लावदिकीयाचं कोमट हे त्या जातीचं आहे, बाळाच्या आंघोळीचं नव्हे.

पण मग ‘थंड असतास तरी बरं होतं’ याचं काय करायचं? उष्ण म्हणजे आवेशी भक्त, थंड म्हणजे सरळसरळ नाकारणारा, आणि देवाला अर्धवट भक्तापेक्षा नास्तिक परवडतो, असा अर्थ पिढ्यान् पिढ्या सांगितला गेला. पुढच्याच ओळींत ‘आस्था धर, पश्चात्ताप कर’ असं आहे, त्यामुळे त्याला आधारही मिळतो. १९५७ मध्ये रुडविक आणि ग्रीन या दोन अभ्यासकांनी वेगळी बाजू मांडली. लावदिकीया आजच्या तुर्कस्तानात, देनिझली शहराजवळ. उत्तरेला दहाएक किलोमीटरवर हिरापली, म्हणजे आजचं पामुक्कले; तिथले गरम झरे औषधी म्हणून प्रसिद्ध. दुसऱ्या बाजूला कलस्सै हे गाव, तिथलं पाणी थंडगार. गरम पाण्याने दुखणं हलकं होतं, थंड पाण्याने तहान भागते. दोन्ही कामाची, निकामी फक्त मधलं. मला हाच अर्थ पटतो, कारण त्यात ‘थंड’ची ओढाताण करावी लागत नाही.

मात्र याच्याच पोटातून निघालेली एक गोष्ट प्रवचनांत फार फिरते: नळातून येता येता लावदिकीयाचं पाणी कोमट व्हायचं आणि लोक ते थुंकायचे. नळ खरे आहेत. दगडी नळांच्या आत चुन्याचे जाड थर आजही दिसतात. पण शहराला त्या पाण्याची किंमत होती. उत्खननात इ.स. ११४ चा पाणीवाटपाचा शिलालेख सापडला आहे, त्यात पाणी चोरणाऱ्याला आणि घाण करणाऱ्याला हजारो देनारियसांचा (रोमन चांदीच्या नाण्यांचा) दंड सांगितला आहे. थुंकायच्या पाण्याला कुणी एवढा पहारा बसवत नाही. मेजवानीत पेयं एकतर ऊन करून नाहीतर गार करून देत, रोख त्याकडे असेल, असंही काही अभ्यासक म्हणतात.

आता तडजोड. इथे माझं उत्तर ‘नाही’ असं आहे.

त्याच पुस्तकात तडजोड करणाऱ्या मंडळ्या वेगळ्या आहेत. पर्गम आणि थुवतीरा या शहरांतल्या दोन मंडळ्यांवर ठपका आहे तो मूर्तींपुढचा नैवेद्य खाण्याचा आणि तसं शिकवणाऱ्यांना खपवून घेण्याचा. थुवतीरात रंगारी, तांबट, लोकरवाले अशा धंदेवाल्यांचे संघ होते. संघाच्या जेवणावळी देवतेच्या साक्षीने व्हायच्या. पंगतीला बसला नाहीस तर धंद्यात उभा राहणार कसा, असा प्रश्न. ही खरी तडजोड: समोर मागणी आहे, किंमत आहे, आणि माणूस थोडं सोडून थोडं राखतो. मराठीत तडजोड दोन पक्षांत होते, घासाघीस करून.

लावदिकीयाच्या निरोपात यातलं काहीच नाही. खोटा शिक्षक नाही, नैवेद्य नाही, छळ नाही. आरोप एकच, तोही त्यांच्याच तोंडचा: मी श्रीमंत आहे, मला कशाची गरज नाही. आणि हे शहर खरोखर असंच होतं. इ.स. ६० च्या भूकंपात ते पडलं, तेव्हा रोमची मदत न घेता स्वतःच्या पैशाने उभं राहिलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस लिहितो. इथली कावळ्यासारखी काळी लोकर ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने वाखाणली आहे. रोमन वक्ता आणि मुत्सद्दी सिसेरो प्रांताचा कारभार बघायला आला तेव्हा त्याने पैसे इथेच वटवून घेतले. अशा गावातली मंडळी गावासारखी झाली. तिला कुणी काही सोडायला लावलंच नाही. नव्या करारातल्या, प्रेषित पौलाच्या नावच्या कलस्सैकरांस पत्रात एपफ्रास नावाचा माणूस याच लोकांसाठी प्रार्थनेत झटतो आहे. नुंफेच्या घरी जमणाऱ्या मंडळीला सलाम आहे, आणि पत्रांची अदलाबदल करून वाचा अशी सूचना आहे. प्रकटीकरण बहुधा इ.स. ९५ च्या सुमाराचं धरतात. त्या पत्रापासून या निरोपापर्यंत फार तर एक पिढी गेली.

म्हणून निरोपातला टोलाही शहराच्याच मालावर आहे. सोनं माझ्याकडून घे, काळ्या लोकरीच्या गावा पांढरी वस्त्रं माझ्याकडून घे, डोळ्यांत घालायला अंजन माझ्याकडून घे. शेवटचं तर मराठीत तयारच बसतं; ‘डोळ्यांत अंजन घालणं’ हा आपला वाक्प्रचार स्वतंत्रपणे आलेला आहे, पण त्या ओळीला याहून नेमकं भाषांतर मिळणार नाही.

तेव्हा ताई, वापराबद्दल एवढंच. नव्याने उपासनेला येणारा, मनात शंका असलेला, कधी येतो कधी येत नाही असा माणूस ‘कोमट’ नव्हे. त्याला धरसोड म्हणा, नवखा म्हणा. नोकरी टिकावी म्हणून मान तुकवणारा तडजोड करतो, त्यालाही कोमट म्हणू नये. इमारत नवी, हिशेब चोख, गायनमंडळ उत्तम, आणि आता आणखी काही हवंय असं कुणालाच वाटत नाही, अशा मंडळीला पाळकसाहेबांनी तो शब्द लावला असेल तर बरोबर लावला. वर्तमानपत्रांतला ‘सभेला कोमट प्रतिसाद’ हा याचा भाऊबंद नाही; तो इंग्रजीवरून उचललेला आहे. तिथे आपला ‘थंडा प्रतिसाद’ पुरेसा आहे.